सुवर्णपदक राहू द्या, एसटीचं भाडं द्या

दीक्षान्त समारंभाची पुस्तिका उलटून पाहिली की मागच्या पानांवर पारितोषिकांची यादी सापडते. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ सुवर्णपदक, तमुक यांच्या नावे रोख बक्षीस. पत्रकारितेत पहिला येणाऱ्याच्या वाट्यालाही त्यातलं एखादं येतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कुणीतरी श्रद्धेने काही हजारांची ठेव विद्यापीठाकडे ठेवलेली असते. तेव्हा तिच्या व्याजात पदक बसत असे. आता तोळाभर सोनं लाखाच्या पुढे गेलं आणि ठेव होती तेवढीच राहिली. मग पदकावर सोन्याचा नुसता मुलामा येतो, आणि दोन पावसाळ्यांत तोही उडतो.

देणाऱ्याची भावना खोटी नव्हती, हिशेब चुकला होता. मराठवाड्यातल्या विद्यापीठांच्या पत्रकारिता विभागांना देणगी द्यावी का, असं कुणी विचारलं तर उत्तर स्वच्छ हो असंच आहे. पण पदकाला नको, इमारतीला नको आणि स्टुडिओला तर नकोच. विद्यार्थ्याला बातमीच्या मागे हिंडता यावं म्हणून द्यावी, आणि दहा वर्षांत खर्चून संपेल अशी द्यावी.

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक काढलं, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पाक्षिक निघावं, छापून लोकांच्या हाती पडावं, एवढ्यासाठी ते पैसे होते. 'मूकनायक' काही वर्षांतच बंद पडलं. तरी शंभर वर्षांनंतर पत्रकारितेच्या वर्गात त्याचं नाव घेतल्याशिवाय पहिला तास पुरा होत नाही. खर्चून संपलेली देणगी वाया जाते असं मानणाऱ्यांनी त्या अडीच हजारांचा हिशेब एकदा करून पाहावा.

बातमीमागे हिंडण्याचा खर्च बाजार का उचलत नाही, ते तालुक्याच्या वार्ताहराकडे पाहिलं की कळतं. त्याला बहुतेक ठिकाणी पगार नसतो किंवा नावापुरतं मानधन असतं; पोट भरतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाची पुरवणी आणि दिवाळी हे त्याचे दोन हंगाम. जाहिरात देणार कोण? साखर कारखाना, शिक्षणसंस्था, पतसंस्था, बाजार समितीचे सभापती आणि गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले इच्छुक. ज्याच्या दारात पुरवणीच्या पानासाठी उभं राहायचं, त्याच्याच कारखान्यातल्या उसाच्या वजनातल्या काटामारीबद्दल लिहायचं कसं? माणूस वाईट नसतो, त्याच्या उत्पन्नाची रचना वाईट असते. विद्यापीठाचा विद्यार्थी निदान दोन वर्षं या रचनेच्या बाहेर असतो. तेवढा काळ त्याच्या हातात थोडा पैसा असला तर जे लिहायला कुणी पैसे देत नाही, ते तो लिहू शकतो.

आता आक्षेप. दुष्काळी मुलखात विहीर खोदायची, मुलींचं वसतिगृह बांधायचं की पत्रकारितेच्या पोरांना फिरायला पैसे द्यायचे? प्रश्न रास्त आहे. पण विहीर कुठे हवी, मागच्या योजनेत कागदावर किती झाल्या आणि शिवारात किती दिसतात, हे मोजून सांगणारा माणूसही लागतोच. पाण्याचंच घ्या. १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे समन्यायी वाटपाचं सूत्र. दर ऑक्टोबरला त्यावर मोर्चे निघतात, भाषणं होतात. बातमीत मात्र एका ओळीत टीएमसी (अब्ज घनफूट) असतं, पुढच्या ओळीत दलघमी (दशलक्ष घनमीटर), आणि दोन्हींची सांगड कुणी घालत नाही. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. एवढं माहीत असलेला आणि नगर-नाशिकच्या धरणांचे रोजचे तक्ते वाचू शकणारा वार्ताहर आठ जिल्ह्यांत मिळून किती निघतील? असा एक माणूस तयार व्हायला वर्षभर तक्ते, कालवे आणि पाटबंधारे कार्यालयाच्या चकरा लागतात. विहिरीच्या खर्चापेक्षा ते स्वस्त पडतं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे : विद्यापीठ सरकारी, मग शासनाने द्यावं, आपण दिलं की शासनाची जबाबदारी सुटते. हा आक्षेप अर्धा मान्य करावा. प्राध्यापकांची रिक्त पदं, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, राबणाऱ्यांचं मानधन, गळकं छत, ग्रंथालय, हे सगळं शासनाचं देणं आहे आणि तिथे देणगीचा एक रुपयाही जाऊ नये. एकदा गेला की पुढच्या अंदाजपत्रकात तो गृहीत धरला जातो. पण शासनाच्याच कारभाराचा माग काढणाऱ्या बातमीचा खर्च शासनाकडून घेणं कुणालाच सोयीचं नाही. ती जागा देणगीदाराची.

एक बातमी जवळून पाहू. बीड जिल्ह्यातल्या धारूर किंवा वडवणी भागातली ऊसतोडीची टोळी. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. उचलीची नोंद कुठे होते, फिटली नाही तर काय होतं, मुलांची शाळा कुठे सुटते, हा विषय पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात कुणीतरी निवडतोच. आणि बहुधा अर्धवट सोडतो. कारण सरळ आहे : टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात, तर विद्यार्थ्याचं सत्र जूनच्या अखेरीस किंवा जुलैत सुरू होऊन दिवाळीच्या आसपास परीक्षेवर येतं. प्रकल्प सादर करायची तारीख येते तेव्हा टोळी कोल्हापूर-सांगलीच्या फडात असते. मग विद्यार्थी मुकादमाला फोन लावतो, दोन जुनी कात्रणं जोडतो आणि प्रकल्प बाईंडिंगला टाकतो.

नीट करायचं तर तीन खेपा हव्यात. पहिली सप्टेंबरात गावी, उचलीचे व्यवहार चालू असताना. दुसरी जानेवारीत फडावर. तिसरी टोळी परतल्यावर, हिशेब होताना. दोन विद्यार्थी, अनुक्रमे चार, पाच आणि तीन दिवस. प्रवासाला ढोबळ ७,००० रुपये धरू. दोघांपैकी एक मुलगी असेल तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे थोडे वाचतील. जेवण-मुक्काम माणशी दिवसाला ३०० रुपये, म्हणजे लॉज नाही, शाळेच्या खोलीत किंवा कुणाच्या ओट्यावर. बारा दिवसांचे दोघांचे ७,२००. माहिती अधिकाराचे चार अर्ज, प्रत्येकी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि ३०० पानांच्या नकला दोन रुपये पानाप्रमाणे : ६४०. टोळी बंजारा तांड्यावरची असेल तर गोरबोली समजणारा माणूस दोन दिवस सोबत लागतो, त्याचे १,६००. घरातल्या बाई मराठीत दोन वाक्यं बोलतात आणि गोरबोलीत दहा. खरी बातमी त्या दहा वाक्यांत असते. बेरीज १६,४४०. उरलेले दीड हजार राखून ठेवायचे, कारण एखाद्या आकड्याची खातरजमा करायला चौथ्यांदा जावंच लागतं. म्हणजे १८,००० रुपयांत वर्षभराची एक पक्की बातमी.

माहिती अधिकाराचंही वेळापत्रक सत्राशी जमत नाही. उत्तराला ३० दिवस, मग पहिलं अपील, त्याच्या निकालाला आणखी ३० ते ४५ दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. विद्यार्थी कामगार, कारखाने आणि शाळा असे तिन्ही विषय एका अर्जात कोंबतो आणि महिनाभराने अर्ज परत येतो. म्हणून देणगीच्या अटींत पहिली अट ही असावी : रक्कम सत्राला बांधलेली नको, १२ महिन्यांची हवी.

पैसे असूनही काम का अडतं, हे देणगीदाराला सहसा कुणी सांगत नाही. विद्यापीठात खर्चाची रूढ वाट दोन प्रकारची. एक, आधी खिशातून करा, मग बिल लावा. ज्याच्या घरून महिन्याला मेसचे पैसे मुश्किलीने येतात तो विद्यार्थी आधी खिशातून काय करणार? शिवाय बिलाला तिकीट लागतं, आणि केजपासून पुढे वाडीपर्यंत नेणारा काळीपिवळीवाला तिकीट देत नाही. दुसरी वाट, प्राध्यापकाच्या नावे अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम. हिशेब देऊन त्याचं समायोजन झालं नाही की ती रक्कम त्यांच्या नावावर दिसत राहते, लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि निवृत्तीच्या वेळी ते प्रकरण वर येतं. एकदा हात पोळलेला प्राध्यापक पुन्हा अग्रिम उचलत नाही. त्याला दोष देता येत नाही.

यावर उपाय शब्दांत आहे. करारात 'प्रवासखर्च' लिहू नका, 'वार्तांकन शिष्यवृत्ती' लिहा. शिष्यवृत्ती ठोक रकमेत थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जाते, तिला तिकिटं जोडावी लागत नाहीत. दोन हप्ते करा : निवड होताच ७० टक्के, उरलेले ३० टक्के बातमी आणि सोबत नोंदवही जमा केल्यावर. नोंदवहीत कोण भेटलं, कधी, कोणता कागद कुठून मिळाला, एवढं असलं की पुरे. खोटी नोंदवही लिहिणं खोटं तिकीट जोडण्याहून कितीतरी अवघड असतं.

आता ठेवीचा हिशेब. दहा लाख रुपये कायम ठेव म्हणून दिले आणि व्याज ७ टक्के धरलं तर वर्षाला ७०,००० येतील. सगळे खर्चले आणि महागाई ५ टक्क्यांनी वाढत राहिली, तर वीस वर्षांनी त्या ७०,००० ची किंमत आजच्या साधारण २६,००० इतकी उरते. पदकाचं हेच झालं. ठेवीची किंमत टिकवायची तर दरवर्षी ५०,००० मुद्दलात परत घालायला हवेत. हाती राहतात २०,०००, म्हणजे जेमतेम एक बातमी. तेच दहा लाख दहा वर्षांत मुद्दलासकट संपवायचे ठरवले, तर दरवर्षी सुमारे १,४२,००० मिळतात. सात बातम्या, आणि वकिलाच्या सल्ल्याला व छपाईला १६,०००. महागाई इथेही चावतेच, दहाव्या वर्षीच्या रकमेची किंमत आजच्या ८७,००० च्या घरात असेल. तरी पन्नास-पंचावन्न बातम्यांचं काम होतं आणि शंभरेक विद्यार्थी त्यातून तयार होतात. बँकेत एकच मोठी ठेव करू नका; वेगवेगळ्या मुदतीच्या दहा करा, दरवर्षी मे महिन्यात एक पिकेल अशा. मोठी ठेव मुदतीआधी मोडायची तर दंड बसतो आणि मंजुरीसाठी फाइल पुन्हा चार टेबलं फिरते. नाव अमर व्हावं अशी इच्छा असणाऱ्यांना हा मार्ग आवडत नाही. त्यांनी खुशाल प्रवेशद्वार बांधावं.

स्टुडिओला नकोच म्हटलं त्याचं कारण बातमीत नाही, विजेच्या खोलीत आहे. उद्घाटनाला फीत कापली जाते, हिरवा पडदा, दिवे, टेलिप्रॉम्प्टर, सगळं झळाळतं. तीन-चार वर्षांनी यूपीएसच्या बॅटऱ्या निकामी होतात. देखभालीचा वार्षिक करार देणगीत धरलेला नसतो, विभागाकडे त्याचं लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातलं वेगळं खातं, नसतं. कॅमेरा हरवला तर जबाबदार कोण, या धास्तीने तो कपाटात जातो आणि किल्ली रजेवर. दरम्यान मुलं मोबाइलवर चित्रण करायला शिकलेली असतात. त्यांना हवा असतो एक बरा कॉलर माइक आणि संकलनाला पुरेल असा संगणक. कुणाला वस्तूच द्यायची असेल तर जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली वाचवायला द्यावी. वृत्तपत्राचा कागद आम्लामुळे पिवळा पडून तुटतो, त्याला थांबायला वेळ नाही. आणि नव्वदच्या दशकानंतरचे अंक संगणकावर जुळवलेले असले तरी ते श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत आहेत. युनिकोडमध्ये आणल्याशिवाय त्यात एक गाव शोधता येत नाही.

पैसे द्यायचे कुठल्या दाराने? दोन दारं आहेत. एक विद्यापीठाचं. नांदेडला ते माध्यमशास्त्र संकुल, संभाजीनगरला पत्रकारिता विभाग. पण धनादेश नेहमी विद्यापीठाच्याच नावे, विभागप्रमुखाच्या नावे कदापि नाही. प्रस्ताव विभागाकडून कुलसचिवांकडे, तिथून वित्त व लेखा विभाग आणि व्यवस्थापन परिषद असा जातो. सामंजस्य करारात स्वतंत्र लेखाशीर्ष मागून घ्या. ते नसेल तर रक्कम सर्वसाधारण निधीत मिसळते आणि दोन वर्षांनी ती कुणालाच वेगळी काढता येत नाही. दुसरं दार माजी विद्यार्थी संघटनेचं. ते लवकर उघडतं, पण आधी पाहा : धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलाचे अर्ज दाखल आहेत का, लेखापरीक्षण दरवर्षी झालंय का, ८० जी ची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, मान्यता चालू आहे का. विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटल्यावर घाईने नोंदवलेल्या संघटना बऱ्याच असतात. समिती गेली की त्यांची बैठकही होत नाही. खरं तर मोठ्या देणगीदाराची वाट न पाहता पुण्या-मुंबईच्या वृत्तकक्षांत गेलेल्या शंभर माजी विद्यार्थ्यांनी महिन्याला ५०० रुपये दिले तरी वर्षाला सहा लाख होतात. फक्त ते बँकेकडून आपोआप वळते व्हायला हवेत. आठवणीवर सोडलं की तिसऱ्या महिन्यापासून गळती लागते.

करसवलतीचं आमिष जपून दाखवावं. नवी करप्रणाली निवडलेल्या नोकरदाराला ८० जी चा काहीच फायदा नाही. जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीला चालत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांकही बदलले आहेत, तेव्हा पावतीवरचा छापील मजकूर एकदा सनदी लेखापालाला दाखवलेला बरा. वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, हा वेगळा विषय. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सरकारी विद्यापीठांतल्या संशोधनासाठी स्वतंत्र बाब आहे, पण ती विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यकापुरती. पत्रकारितेचा प्रस्ताव 'शिक्षणाला चालना' या बाबीखाली मांडावा लागतो. आणि सीएसआरचा पैसा कायम निधीत ठेवता येत नाही. तो ठरलेल्या प्रकल्पावर खर्चच व्हावा लागतो. शिष्यवृत्तीला हे उलट सोयीचं आहे.

परदेशातल्या नातलगाकडून पैसे घेताना आधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकाने तिथल्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय योगदान ठरत नाही. नागरिकत्व बदललेल्याची ठरते, परदेशस्थ भारतीयवंशीयांचं ओसीआय कार्ड असलं तरीही. मग संस्थेची एफसीआरए (परकीय योगदान नियमन कायदा) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. शिवाय नोंदणीकृत वृत्तपत्राचे संपादक, वार्ताहर, स्तंभलेखक यांना परकीय योगदान घ्यायला या कायद्याने मनाईच आहे. विभागाचा प्रायोगिक अंक नोंदणीकृत असेल तर या पैशाच्या जवळपासही जाऊ नये.

सगळ्यांत नाजूक गोष्ट देणाऱ्याच्या हाताची. इथे पैसा आहे तो कारखानदार, शिक्षणसम्राट, बांधकाम व्यावसायिक आणि वृत्तपत्रांचे मालक यांच्याकडे. आणि बातम्याही त्यांच्याच आसपास असतात. म्हणून त्यांचे पैसे नाकारायचे का? नाकारू नयेत, बांधून घ्यावेत. निवड समितीत देणगीदार किंवा त्याचा माणूस नसेल. विषय तो सुचवणार नाही. बातमी छापण्याआधी पाहायला मागणार नाही. पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी जमा होईल, म्हणजे नको ती बातमी आल्यावर पुढचा हप्ता अडवायची सोयच राहणार नाही. देणगीदाराचं नाव आणि रक्कम संकेतस्थळावर असेल आणि त्याच्या संस्थेवर बातमी आली तर खाली तसा उल्लेख असेल. अमेरिकेत पुलित्झर यांनी कोलंबिया विद्यापीठाला वीस लाख डॉलर देऊ केले, तरी तिथली पत्रकारिता शाळा १९१२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतरच सुरू झाली; देणारा वृत्तपत्राचा मालक असला की विद्यापीठाने कचरणं स्वाभाविक आहे. ज्याला या अटी जाचक वाटतील त्याची देणगी गेल्याचं दुःख करू नये.

वकिलाचे पैसे वेगळे ठेवले त्याला कारण आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची नोटीस विद्यार्थ्यालाही येऊ शकते, आणि नोटीस आली की विभाग पहिल्यांदा बातमी उतरवतो. छापण्याआधी वकिलाने तासभर मजकूर वाचला तर बहुतेक धोके तिथेच निघतात : आरोपाला कागद आहे का, समोरच्याची बाजू विचारली का, अल्पवयीन मुलाचं किंवा अत्याचारपीडित बाईचं गाव-नाव कुठे डोकावतंय का. गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बाईचं नाव बदललं, पण मुकादमाचं आणि वाडीचं नाव तसंच ठेवलं, तर गावात ती ओळखू येतेच.

वेळापत्रक शेवटाकडून उलटं मोजावं. टोळ्या दसऱ्यानंतर गाव सोडतात, म्हणजे पहिला हप्ता ऑगस्टअखेर विद्यार्थ्याच्या खात्यात हवा. त्यासाठी निवड जुलैत, आणि लेखाशीर्ष त्याआधी उघडलेलं. समित्यांच्या बैठका पुढे ढकलल्या जातात हे धरून प्रस्ताव जानेवारीतच कुलसचिवांच्या आवक टेबलावर शिक्का मारून घ्यावा. मार्चमध्ये नेऊ नये. तेव्हा वित्त विभागात वर्षअखेरीची बिलं असतात आणि नवीन फाइल कुणी उघडतही नाही.